नेत्रदाबमापन, काचबिंदू शस्त्रक्रियेनंतरचे

काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यातील द्रवाचा दाब वेळोवेळी मोजण्याची तपासणी. निरोगी डोळ्यात तो साधारण १० ते २१ मिमी. पारा असतो. ट्रॅबेक्युलेक्टॉमीत (केर्न्स, १९६८) या द्रवाला श्वेतपटलातून नवी वाट करून देतात. वाट गरजेपेक्षा जास्त वाहिली तर दाब फार उतरतो आणि दृष्टी अंधुक होते. व्रण भरताना ती बुजली तर दाब पुन्हा चढतो. स्टेरॉइडच्या थेंबांनीही काहींचा दाब वाढतो. म्हणून पहिली मोजणी दुसऱ्याच दिवशी, मग काही आठवडे वारंवार आणि पुढे आयुष्यभर करतात. गोल्डमन टोनोमीटर प्रमाण मानला जातो, मात्र पारपटल पातळ असेल तर तो दाब कमी दाखवतो. डोळ्यावर वजन टेकवणारा जुना शिऑट्झ टोनोमीटर ताज्या जखमेवर टाळलेलाच बरा.

अशा वारंवार तपासण्यांना अंतर आड येऊ शकते. उदाहरणार्थ, १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले. देवरी, सालेकसा हे तालुके मात्र दूर, जंगलपट्ट्यातले. धानाच्या रोवणीत फेरतपासणी लांबणीवर टाकावीशी वाटणे साहजिक आहे. पण बांधीतले गढूळ पाणी ताज्या जखमेला घातकच. शिवाय दाब बहुधा न दुखता चढतो. डोळा लाल झाला, चिकटू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.