मांडीवरून उतरलेलं मूल

मी कवितेचा माणूस, वैद्यकाचा नव्हे. पण एका शब्दानं मला कुपोषणाच्या इतिहासापाशी नेलं. तो शब्द म्हणजे 'क्वाशिओरकोर'. वैद्यकाच्या पुस्तकांत बसलेला हा शब्द लॅटिन नाही. तो पश्चिम आफ्रिकेतल्या गा भाषेतला आहे.

डॉ. सिसिली विल्यम्स १९२९ साली ब्रिटिशांच्या गोल्ड कोस्ट वसाहतीत, म्हणजे आजच्या घानात, रुजू झाल्या. त्यांच्याकडे एक ते चार वर्षांची मुलं येत. पाय सुजलेले, कातडी सोलवटलेली, सारखी किरकिर. आईचं दूध तुटलेलं आणि पोटात जवळजवळ नुसता मका. १९३३ साली त्यांनी याविषयी लिहिलं, तेव्हा एका नावाजलेल्या तज्ज्ञानं 'हा तर पेलाग्रा' म्हणून ते खोडून काढलं. बाई हटल्या नाहीत. १९३५ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी या आजाराचं स्थानिक नावच छापलं. त्याचा अर्थ, पाठचं भावंड आलं की आधीच्या मुलाला जडणारा आजार. निदान तिथल्या बायकांनी कधीच केलं होतं. डॉक्टरबाईंनी ते ऐकून घेतलं.

मराठीतही या आजाराला सूजवटी म्हणतात. हाडांचा सापळा झालेल्या मुलाच्या आजाराला सुकटी. डोळ्यांना दिसतं, त्याला भाषा नाव देते. पण खुरटलेल्या वाढीचं काय? ते मूल हसतं, खेळतं; वयाच्या मानानं बुटकं असतं, इतकंच. शेजारची मुलंही तेवढीच, म्हणून कुणाला वावगं वाटत नाही. 'आईबापावर गेलंय' म्हटलं की विषय संपतो.

खरा घाव पडतो गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे १००० दिवसांत. मेंदू झपाट्यानं वाढतो तो याच काळात. अन्न अपुरं, त्यात वरचेवर जुलाब. अशा वेळी शरीर आधी जीव सांभाळतं, वाढ मागे पडते. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ दरम्यान दोन गावांतल्या मुलांना प्रथिनयुक्त पेय दिलं गेलं आणि दुसऱ्या दोन गावांत साधं गोड पेय. पहिल्या दोन वर्षांत पौष्टिक पेय मिळालेले मुलगे मोठेपणी तासाला सरासरी ४६ टक्के जास्त कमावताना आढळले. म्हणजे प्रश्न चार बोटं उंचीपुरता नाही.

महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४६ टक्के होतं. २०१५-१६ मध्ये ते ३४ वर आलं. २०१९-२१ मध्ये मात्र ३५. उतरण तिथंच थांबली.

सुजलेलं पाऊल आईला दिसतं; खुंटलेली उंची मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून अंगणवाडीत बाळाचं वजन झालं की ताईंना एवढं जरूर विचारा, 'उंची किती भरली? वयाला पुरेशी आहे का?'