बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे जीवन

बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे जीवन : अतिस्थूलतेवर उपचार म्हणून जठर लहान केल्यानंतर किंवा अन्नाचा मार्ग वळवल्यानंतर रुग्णाला आहार, औषधे, कामधंदा आणि घरातले व्यवहार नव्याने बसवावे लागतात, तो काळ. टाक्यांच्या जखमा काही आठवड्यांत भरून येतात. खाण्यापिण्याची नवी घडी बसायला वर्ष-दीड वर्ष लागते आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात.

जठराच्या बायपासची सुरुवात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ च्या सुमारास केली. आज जगात सर्वाधिक होते ती स्लीव्ह शस्त्रक्रिया. तिच्यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. बायपासमध्ये सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. परिणाम केवळ जागा कमी होण्याचा नसतो. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने जठराच्या वरच्या भागात तयार होते आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. बायपासनंतर तृप्तीचे संदेश देणारी आतड्यातील संप्रेरके वाढतात. त्यामुळे पहिले काही महिने अनेकांना भूक जवळजवळ लागतच नाही. आयुष्यभर भुकेशी झगडलेल्या माणसाला ही सुटका वाटते. पण आता जेवणाची वेळ भूक सांगत नाही, घड्याळ सांगते. पुढच्या काही अडचणींचे मूळ इथे आहे.

शस्त्रक्रिया सहसा दुर्बिणीद्वारे होते आणि रुग्णालयातील मुक्काम दोन-तीन दिवसांचा असतो. काही तासांतच रुग्णाला उठवून चालवतात, कारण पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हा या काळातला मोठा धोका आहे. ‘ऑपरेशन झालंय, पडून राहा’ हा घरच्यांचा मायेचा सल्ला इथे अगदी उलटा ठरतो. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो. ते सहसा आपोआप थांबते. टाक्यांच्या रेषेतून गळती होणे मात्र जिवावर बेतू शकते. तिची पहिली खूण पुष्कळदा पोटदुखी नसून नाडी असते. विश्रांतीतही नाडी १२० च्या वर राहिली, ताप आला किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बैठे काम करणारे साधारण दोन-तीन आठवड्यांत कामावर परततात. पाण्याची भरलेली कळशी, गॅसची टाकी, कडेवरचे मूल यांसारखी ओझी महिना-दीड महिना उचलू नयेत.

आहार पायऱ्यापायऱ्यांनी वाढवतात. आधी पाणी, वरणाचे निवळ पाणी, गाळलेले ताक. मग सुमारे दोन आठवडे दाट पेये. त्यानंतर मऊसर मुगाचे वरण, कुस्करलेले पनीर, उकडलेले अंडे. आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे घट्ट अन्न. महाराष्ट्रीय ताटात सगळ्यांत जास्त त्रास पोळी आणि मोकळा भात देतात. नीट न चावलेल्या पोळीचा गोळा होऊन तो अडकतो, छाती जड होते, तोंडाला पाणी सुटते आणि शेवटी उलटी होते. घास पाण्याबरोबर खाली ढकलायची सवय असेल, तर ती सोडावीच लागते. पाणी जेवणासोबत घ्यायचे नसते. जेवणानंतर अर्ध्या तासाने आणि तेही घोट घोट. दिवसभरात दीड-दोन लिटर पोटात जायला हवे. विदर्भातल्या मे महिन्यात हे गणित जमवणे किती कठीण, हे वेगळे सांगायला नको.

दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. शाकाहारी घरात हा आकडा सहज गाठला जात नाही, कारण पातळ वरणाच्या वाटीतून मिळतात ती पाचेक ग्रॅम आणि आता वाटीही पुरती संपत नाही. म्हणून पनीर, दही, सोयाबीन, बहुतेकदा प्रथिनांची पावडर आणि ताटातला पहिला घास प्रथिनांचा, हा नियम. उपवासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट आहे. पहिल्या वर्षी तरी एकादशी-संकष्टीचे नियम आहारतज्ज्ञाशी बोलून शिथिल केलेले बरे.

गोडाचा अनुभव विशेषतः बायपासनंतर बदलतो. जिलबी, श्रीखंड किंवा उसाचा रस वेगाने आतड्यात उतरतो आणि दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. याला डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर घसरून हातपाय कापतात. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्याला हे समजावणे अवघड असते. ‘डॉक्टरांनी बंद केलंय’ एवढे एकच वाक्य पुरते, आणि ते खरेही असते.

गोळ्यांच्या बाबतीत शरीर तक्रार करत नाही, तेच धोक्याचे. ब-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची उणीव सावकाश साठत जाते. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, सायट्रेट रूपात आणि विभागून घेतात. लोहाची गोळी त्यापासून किमान दोन तास दूर ठेवतात आणि चहासोबत कधीच घेत नाहीत. उलट्या सतत होत राहिल्या तर थायमिन म्हणजे ब-१ इतके घसरू शकते की चालताना तोल जातो, दृष्टी दुहेरी होते आणि मेंदूला कायमची इजा पोहोचते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. ते बहुधा पुन्हा येतात. वेगाने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून अनेक डॉक्टर सहा महिने अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल देतात. मधुमेहाच्या औषधांचे प्रमाण पहिल्या काही दिवसांतच कमी करावे लागू शकते. जुनाच डोस चालू ठेवला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरते, म्हणजे १२० किलोंची व्यक्ती ८४ ते ९० किलोंच्या आसपास येते. नातेवाइकांच्या नजरेतले ‘बारीक’ त्याहून खाली असते आणि त्यातून नाहक निराशा येते. लोंबणाऱ्या त्वचेवरची शस्त्रक्रिया वजन स्थिरावल्यावरच करतात. गर्भधारणा १२ ते १८ महिने पुढे ढकलण्याचा सल्ला असतो. थांबलेली पाळी वजन उतरताना नियमित होऊन अनपेक्षित गर्भ राहू शकतो, हे जोडप्यांना आधीच सांगायला हवे. स्वीडनमधील अभ्यासांत शस्त्रक्रियेनंतर एकट्यांची लग्ने वाढलेली आणि विवाहितांचे घटस्फोटही वाढलेले आढळले. मद्य पूर्वीपेक्षा लवकर चढते आणि बायपासनंतर, विशेषतः दुसऱ्या वर्षापासून, व्यसन जडण्याचे प्रमाण वाढते.

दुसऱ्या वर्षाच्या आसपास भूक परतू लागते आणि थोडे वजनही. ज्यांनी भुकेविनाच्या वर्षात वेळेवर, सावकाश आणि मोजून खाण्याची सवय लावली, त्यांचे वजन फारसे चढत नाही. दिवसभर फरसाण, बिस्किटे, गोड चहा घेत राहणाऱ्यांचे चढते, कारण मऊ आणि पातळ अन्नाला लहान जठर अडवत नाही. वजन बरेच वाढले किंवा स्लीव्हनंतर आम्लपित्त बळावले, तर औषधे किंवा पुन्हा शस्त्रक्रिया हे पर्याय असतात.

रक्ततपासणी पहिल्या वर्षी तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करतात. शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात आणि राहणे तालुक्याच्या गावी, अशा रुग्णाने तिचा प्रकार व तारीख लिहिलेला कागद जवळ ठेवावा. कारण गुडघेदुखीसाठी सहज दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनने बायपासच्या जोडावर व्रण होऊ शकतो, आणि वर्षांनंतर उठलेली पोटातली कळ गॅस नसून आतड्याला पडलेला पीळही असू शकते.