व्हॅनिलाची वेल आणि एदमोंची काडी

व्हॅनिलाचा वास ओळखीचा असला, तरी ती एक वेल आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मेक्सिकोच्या दमट जंगलात झाडांवर चढणारं हे ऑर्किड. माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, शेवाळ गुंडाळलेल्या काठीवर तिची एक वेल वाढते आहे. फुलायला तिला काही वर्षं लागतात. तोवर मी तिचा इतिहास वाचून काढला.

घरात वेल वाढवण्याची ही हौस जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये चार्ल्स ग्रेव्हिल यांच्या संग्रहात ती फुलली आणि तिची कलमं युरोपभरच्या काचघरांत गेली. ऊब मिळाली, ओलावा मिळाला, फुलंही आली. शेंग मात्र धरेना. हे फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. पराग आणि स्त्रीकेसराच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. मेक्सिकोत तिथले कीटक हे काम करतात. काचघरात ते कुठून येणार? अखेर १८३६ मध्ये बेल्जियममधल्या लिएज इथे शार्ल मोरें यांनी हातानं परागण करून शेंगा धरवल्या.

दरम्यान फ्रेंचांनी ही वेल हिंदी महासागरातल्या, आज रेयुनियन म्हणतात त्या बेटावर नेली होती. तिथंही ती वर्षानुवर्षं वांझच. १८४१ मध्ये मळेवाले बेलिए-बोमाँ यांना आपल्या वेलीवर शेंगा दिसल्या. त्या धरवल्या होत्या त्यांच्याच गुलामानं, बारा वर्षांच्या एदमोंनं. बारीक काडीनं पडदा उचलायचा आणि अंगठ्यानं पराग दाबायचा, एवढीच कृती. ती शिकवायला त्याला मळ्यामळ्यांतून फिरवलं गेलं.

माझ्या पेशात ‘जमतं’ आणि ‘रोज, कुणालाही जमतं’ यांत मोठं अंतर मानतात. मोरें यांनी पहिलं सिद्ध केलं, यात त्यांचं श्रेय कमी होत नाही. दुसरं एदमोंनं दिलं: एका सकाळी शेकडो फुलं उरकणारी रीत. तिच्या जोरावर बेटानं पुढे मेक्सिकोला मागं टाकलं.

त्याला काय मिळालं? १८४८ मध्ये गुलामी संपली तेव्हा स्वातंत्र्य आणि ‘आल्बियस’ हे आडनाव. लॅटिनमधल्या ‘पांढरा’ या शब्दावरून, तेही एका काळ्या माणसाला. पुढे चोरीच्या आरोपावरून तुरुंग. जाँ रिशार् या वनस्पतिशास्त्रज्ञानं तर ही रीत आपणच बेटावर शिकवली, असा दावा केला. बेलिए-बोमाँ यांनी लेखी साक्ष दिली म्हणून एदमोंचं नाव टिकलं. गुलामाचं श्रेय ठरायलाही मालकाचाच शब्द लागला. १८८० मध्ये तो गरिबीत वारला.

मादागास्करमध्ये काय किंवा कर्नाटक-केरळात काय, व्हॅनिलाच्या मळ्यांत आजही भल्या सकाळी माणसं हातात काडी घेऊन वेलींमधून फिरतात. फूल दुपारपर्यंत थांबत नाही.