उनकेश्वरचं ऊन पाणी

शाळेतून आपण केदारेश्वराला जायचो; बाई चालुक्यकालीन शिल्पं दाखवायच्या. माझ्या आजीचा इतिहास मात्र पैनगंगेकाठच्या उनकेश्वरचा. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता; त्याआधीच ती धर्मापुरीहून तिथल्या गरम कुंडांवर गेली. अंगावर कोड, म्हणून तिच्या हातचं पाणी कुणी घेत नसे.

पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल मुरतं, तापतं आणि गंधक घेऊन वर येतं. त्यानं त्वचारोग बरे होतात, ही लोकांची श्रद्धा. आजीचं कोड गेलं नाही. “पण कुंडात कुणी बाजूला सरकलं नाही,” एवढंच ती सांगायची.

मित्रमैत्रिणींनो, तिनं दिलेला डबा मी शाळेत लपून खायचे. आज ते सगळ्यांसमोर लिहून ठेवते.