मोटारीतील साक्षीदार : स्पोर्ट्स कारच्या विद्युत यंत्रणेला डेटा लॉगर जोडण्याचा इतिहास

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने कारखानदारी, रस्ते आणि प्रवासी वाहतूक या तीन अंगांनी लिहिला गेला आहे. मोटारीने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदींचा इतिहास मात्र बहुधा अभियांत्रिकीच्या क्रमिक पुस्तकांवर सोडून दिला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शर्यतीच्या मोटारींत आणि पुढे स्पोर्ट्स कारमध्ये ‘डेटा लॉगर’ नावाची एक लहानशी पेटी बसू लागली. इंजिनाचे फेरे, चाकांचा वेग, पाण्याचे तापमान, ब्रेकचा दाब, स्टिअरिंगचा कोन यांची ती सेकंदाला अनेक वेळा नोंद घेते. प्रस्तुत लेखात या पेटीच्या जोडणीचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. पेटीऐवजी जोडणी हा विषय निवडण्याचे कारण असे की, नोंदीची विश्वासार्हता पेटीच्या किमतीपेक्षा तिची वायर मोटारीत कोठे जोडली यावर अधिक अवलंबून राहिली आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा विचार परका वाटू नये. यवतमाळच्या शारदाश्रमाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या य. खु. देशपांडे यांच्या पिढीने महानुभावांच्या पोथ्या अभ्यासायला घेतल्या, तेव्हा आशयाआधी काही प्रश्न सोडवावे लागत : प्रत कोणी केली, कशावरून केली, लिपी कोणती. यंत्राने लिहिलेल्या नोंदीलाही हेच प्रश्न लागू पडतात.

केबलपासून वायरपर्यंत

वाहनातील पहिल्या स्वयंचलित नोंदी यांत्रिक होत्या. जर्मनीत किएन्झले या घड्याळांच्या कारखान्याचे नाव ज्याच्याशी निगडित झाले, त्या टॅकोग्राफमध्ये मेणाचा थर दिलेल्या कागदी चकतीवर सुईने वेगाची रेघ उमटत असे. युरोपीय आर्थिक समुदायाने १९७० मध्ये मालवाहू व प्रवासी वाहनांसाठी त्याविषयी नियम केला. या यंत्राला गती मिळे ती गिअरबॉक्सपासून आलेल्या फिरत्या केबलने. वेगाची ती रेघ बॅटरीतील चढउतारांपासून बहुतांशी अलिप्त होती. केबल तुटली तर नोंद थांबे. चुकीची नोंद होण्याच्या वाटा मात्र थोड्या होत्या.

विजेवर चालणारे नोंदयंत्र आले आणि ही अलिप्तता संपली. आता साक्षीदार ज्याच्याविषयी साक्ष देणार, त्याच्याच घरी जेवू लागला. लॉगरला लागणारी वीज मोटारीच्याच बॅटरीतून येते आणि ती वीज स्थिर नसते. बारा व्होल्टची म्हणवली जाणारी भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तो दाब १४ व्होल्टच्या आसपास नेतो. सेल्फ मारताना तो १० व्होल्टच्याही खाली उतरू शकतो. अल्टरनेटर चार्जिंग करीत असताना बॅटरीची तार निसटली, तर संरक्षण नसलेल्या यंत्रणेत क्षणभर शंभर व्होल्टच्या घरातील लाट उठते. म्हणून लॉगरच्या पुरवठ्यात फ्यूजखेरीज अशी लाट गिळणारा डायोडही असावा लागतो. त्याशिवाय जोडलेली पेटी आज ना उद्या जळते.

वीज कोठून घ्यावी, या प्रश्नाला आजही एकच उत्तर नाही. इग्निशनच्या चावीनंतरच्या तारेवरून घेतली तर सेल्फ मारताना लॉगर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि इंजिन चालू होण्याचे नेमके क्षण नोंदीतून गळतात. थेट बॅटरीवरून घेतली तर पेटी रात्रंदिवस वीज खाते. १०० मिलिअँपिअरचा भार म्हटला तरी दिवसाला २.४ अँपिअर-तास होतात. ४० अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्याभरात जवळजवळ अर्धी रिकामी होते. महिन्यातून एकदाच बाहेर निघणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही अडचण किरकोळ नाही.

‘अर्थ’ लागणे

आपल्याकडील गॅरेजमध्ये ‘याला अर्थ मिळत नाही’ हे वाक्य नेहमी ऐकू येते. इंग्रजी ‘अर्थ’ आणि संस्कृत ‘अर्थ’ यांची ही गाठ योगायोगाची असली, तरी प्रस्तुत विषयात ती मोठी समर्पक आहे.

मोटारीचा लोखंडी सांगाडा हीच विजेची परतीची वाट असते. बॅटरीचे कोणते टोक सांगाड्याला जोडावे याबाबत पूर्वी एकवाक्यता नव्हती. अनेक जुन्या ब्रिटिश मोटारींमध्ये धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. एमजी बी ही लोकप्रिय स्पोर्ट्स कार १९६२ मध्ये आली ती या पद्धतीची, आणि १९६७ मध्ये अल्टरनेटर येताना ती ऋण टोकाकडे वळली. आजचे बहुतेक लॉगर ऋण टोक सांगाड्याला आहे असे गृहीत धरून बनवलेले असतात. त्यांची धातूची पेटी ऋण टोकाशी जोडलेली असल्यास, अशा जुन्या मोटारीच्या सांगाड्याला ती स्क्रूने घट्ट करताक्षणी शॉर्ट सर्किट होते.

हा दोष निदान धूर काढून स्वतःला जाहीर करतो. खरा धोका न बोलणाऱ्या दोषाचा आहे. समजा, पाच व्होल्टवर चालणाऱ्या दाबाच्या सेन्सरची परतीची तार आणि रेडिएटरच्या पंख्याची परतीची तार एकाच ठिकाणी सांगाड्याला जोडली आहे आणि त्या गंजलेल्या जोडाचा रोध ०.०२ ओहम आहे. पंख्याचा १० अँपिअर प्रवाह त्यातून वाहताच तेथे ०.२ व्होल्टचा फरक पडतो. सेन्सरच्या मापनात ही चार टक्क्यांची चूक झाली. पंखा सुरू झाला की तेलाचा दाब बदलल्याचे आलेखात दिसते. वस्तुतः तेलाला काहीच झालेले नसते. आलेख इतका सुबक असतो की त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. सेन्सरची परतीची तार स्वतंत्रपणे लॉगरपर्यंत नेणे, स्पार्कच्या तारांपासून ती दूर ठेवणे आणि तारांना पीळ घालणे हे उपाय याच अनुभवातून रूढ झाले.

दोन तारांची भाषा

बॉश कंपनीने १९८३ मध्ये हाती घेतलेली आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉईट येथे जाहीर केलेली ‘कॅन’ ही संदेशवहन पद्धती या इतिहासातील मोठे वळण ठरली. मोटारीतील निरनिराळे नियंत्रक पीळ घातलेल्या दोन तारांवर एकमेकांशी बोलू लागले. प्रत्येक सेन्सरची तार सोलून तीत जोड देण्याची गरज उरली नाही. लॉगरने त्या दोन तारांना कान लावला की पुरे. दोन तारांतील फरकच वाचला जात असल्याने सांगाड्यातील गोंगाटाचा उपद्रवही पुष्कळ घटला. अर्थात येथेही जोडणीचे शास्त्र आहेच. या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात. अननुभवी माणसाने लॉगरसोबत तिसरा रोध जोडला, तर सगळ्या मोटारीचेच संभाषण बिघडू शकते.

अमेरिकेत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या ओबीडी-दोन या निदानव्यवस्थेचा सोळा टोकांचा सॉकेट पाहण्यासारखा आहे. त्यात चौथे टोक सांगाड्याच्या अर्थचे आणि पाचवे संकेताच्या अर्थचे, असे दोन अर्थ शेजारी शेजारी, पण वेगळे ठेवले आहेत. गॅरेजमधील अनुभव येथे मानकात उतरला. भारतात भारत स्टेज चारच्या मोटारींना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून व दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला.

मात्र सोयीबरोबर एक परावलंबनही आले. कॅनच्या तारांवरून वाहतात ते केवळ आकडे. कोणत्या क्रमांकाचा संदेश ब्रेकचा आणि कोणता थ्रॉटलचा, आकड्याला कितीने गुणायचे, याची किल्ली उत्पादकाकडे असते. महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथी हातात असूनही किल्लीवाचून ती मुकी राहत असे, तशीच ही स्थिती आहे. शिवाय लॉगर आता स्वतः काही मोजत नाही. मोटारीच्या नियंत्रकाने जे सांगितले ते उतरवून घेतो. ती मूळ साक्ष राहिलेली नाही, ती नक्कल झाली आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात वाहनमापनाची परंपरा जुनी आहे. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था ही तिची दोन ठळक केंद्रे. टाटा मोटर्सने मार्च २०१७ मध्ये जिनिव्हा येथे मांडलेली ‘रेसमो’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार इंजिनाइतकीच तिच्या संगणकीय जोडणीसाठी गाजवली गेली. त्यासाठी मायक्रोसॉफ्टशी करारही झाला होता. ती गाडी बाजारात आलीच नाही.

प्रस्तुत विषयाशी अधिक नेमके नाते आहे ते विद्यार्थ्यांनी बांधलेल्या शर्यतीच्या मोटारींचे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा संघ २०१० च्या दशकात विजेवर चालणारी मोटार घेऊन इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथील फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत उतरला. विद्युत मोटारींच्या या प्रकारात बॅटरीतून घेण्याच्या शक्तीवर मर्यादा असते. आज ती ८० किलोवॅट आहे. मर्यादा पाळली की नाही हे ठरवण्यासाठी आयोजकांचा स्वतःचा लॉगर मोटारीत बसवला जातो आणि बॅटरीतून निघणारा सगळा प्रवाह त्यातून जाईल अशीच जोडणी संघाला करून द्यावी लागते. त्याला चुकवून जाणारी एकही वाट ठेवता येत नाही. विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या श्रमांचा निवाडा अशा रीतीने एका पेटीच्या साक्षीवर होतो. त्या साक्षीला मोल आहे ते तिच्या जागेमुळे.

नोंद आणि पुरावा

शर्यतीच्या मैदानावरील हा प्रश्न आता सार्वजनिक रस्त्यावर आला आहे. ए.आय.एस.-१४० या मानकानुसार १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या प्रवासी सेवेच्या वाहनांना स्थाननोंदीचे यंत्र आवश्यक झाले. त्या यंत्रात स्वतःची लहान बॅटरी असते आणि वाहनाची तार तोडली गेल्यास ते तसा इशारा पाठवते. तार तोडणे हा यंत्राला गप्प करण्याचा सर्वांत सोपा मार्ग असल्याने मानकात त्याची दखल घ्यावी लागली.

अपघाताच्या दाव्यात अशी नोंद न्यायालयापुढे येते, तेव्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू होते. त्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाईलचे हॅश मूल्य द्यावे लागते. फाईल तयार झाल्यानंतर तीत फेरफार झाला नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते. गंजलेल्या अर्थमुळे आकडा मुळातच चुकीचा उमटला असेल, तर तो चुकीचा आकडाही तितक्याच निर्दोषपणे जतन होतो. साधनचिकित्सेच्या परिभाषेत सांगायचे तर प्रत शुद्ध आहे, मूळ संशयास्पद आहे, आणि कायद्याची कसोटी मुख्यतः प्रतीपाशी थांबते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे अपुरे आहे.

यवतमाळला जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मध्ये सुरू झाले. अशा महाविद्यालयांतील प्रकल्पांत मोटारीच्या नोंदी घेतल्या जातात, तेव्हा फाईलबरोबर आणखी तीन कागद ठेवणे सहज शक्य आहे : लॉगरची वीज आणि अर्थ कोठून घेतली ते दाखवणारी वायरिंगची आकृती, प्रत्येक सेन्सरच्या कॅलिब्रेशनचा तक्ता, आणि कॅनवरील संदेशक्रमांकांची किल्ली. हे तीन कागद नसतील, तर दहा वर्षांनी ती फाईल उघडणाऱ्याला आकडे दिसतील. ते ब्रेकचे की पंख्याचे, हे सांगता येणार नाही.