आतड्याचा निरोप : भूक शमवणाऱ्या औषधांचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने औषधांवर काय बोलायचं? शंका रास्त आहे. कोणतं इंजेक्शन घ्यावं, किती घ्यावं, हे आम्ही सांगणार नाही. ते डॉक्टरांचं काम. आमचा रस एका जुन्या प्रश्नात आहे. माणसाला कळत असतं की आता पुरे, तरी हात ताटाकडे जातोच. असं का होतं? ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या सातव्या भागात यालाच ‘अक्रासिया’ म्हटलं, म्हणजे कळतं पण वळत नाही. तिथपासून आपण जाड माणसाचा खटला नीतिशास्त्राच्या कोर्टात चालवत आलो. मराठीत शब्द बघा ना: खादाड, हावरट, अधाशी, तोंडावर ताबा नाही. सगळे चारित्र्याचे शेरे! गंमत म्हणजे त्याच मराठीत ‘भस्म्या’ असाही शब्द आहे. कितीही खाल्लं तरी भूक न भागणं हा रोग आहे, असं मानणारा.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिंदितीय’ नावाचा अध्याय आहे. निंद्य ठरवलेल्या आठ प्रकारच्या माणसांत अतिस्थूल माणूस येतो. पण पुढचं स्पष्टीकरण वाचण्यासारखं आहे. मेदाने मार्ग अडले की वायू कोठ्यात फिरू लागतो, अग्नी पेटवतो, अन्न झटपट पचतं आणि पुन्हा भूक लागते. म्हणजे निंदा केली खरी, पण कारण मात्र शरीरात शोधलं. याचा अर्थ ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ असा कृपया काढू नका. वायू आणि अग्नी ही प्रयोगात पकडता येणारी द्रव्यं नव्हेत. पण जाड माणसाला भूक जास्त का, हा प्रश्न शरीराला विचारता येतो, एवढं त्या वैद्यांना दिसलं होतं.

आता लंडनला जाऊ. तारीख १६ जानेवारी १९०२, युनिव्हर्सिटी कॉलेज. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग हे एकमेकांचे मेहुणे एका कुत्र्यावर प्रयोग करत होते. जठरातलं आम्लयुक्त अन्न लहान आतड्यात उतरलं की स्वादुपिंड पाचकरस सोडतं, हे ठाऊक होतं. हा निरोप पोहोचतो कसा? रशियातल्या पावलोव्हचं म्हणणं, मज्जातंतूंमधून. या दोघांनी आतड्याच्या एका तुकड्याच्या नसा तोडल्या, रक्तवाहिन्या तेवढ्या ठेवल्या आणि त्यात आम्ल सोडलं. स्वादुपिंडाने रस सोडलाच! मग आतड्याचं अस्तर खरवडून, वाळू आणि आम्लाबरोबर वाटून, गाळून कुत्र्याच्या शिरेत टोचलं. पुन्हा रस आला. म्हणजे निरोप रक्तातून जातो. त्या द्रव्याला त्यांनी ‘सिक्रेटिन’ नाव दिलं, आणि १९०५ मध्ये अशा सगळ्या निरोप्यांसाठी स्टार्लिंगने ग्रीकमधून शब्द घेतला, ‘हार्मोन’, म्हणजे चेतवणारा. आपण संप्रेरक म्हणतो. लक्षात घ्या, हार्मोन या शब्दाचा जन्मच आतड्याच्या प्रयोगातून झाला. पुढे थायरॉइड आणि इन्सुलिन यांनी मान पटकावला आणि आतडं बिचारं मागे पडलं.

बेल्जियमच्या ला बारने १९३० च्या सुमारास मांडलं, की आतड्यातलं काहीतरी इन्सुलिनलाही चेतवत असावं. त्याला त्याने ‘इन्क्रेटिन’ नाव दिलं. पण मोजायचं कशाने? रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० मध्ये सिद्ध केली. हे इस्पितळ लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. मग १९६४ मध्ये लंडन आणि अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं, की तेवढीच साखर शिरेतून दिली तर इन्सुलिन कमी स्रवतं आणि तोंडावाटे दिली तर कितीतरी जास्त. इन्क्रेटिन आहे हे नक्की झालं. ते कोणतं, हे नव्हतं.

इतका वेळ आम्ही वजनाबद्दल बोललेलो नाही, आणि ते मुद्दाम. ही मंडळी वजन कमी करायचं औषध शोधतच नव्हती. ते शोधणाऱ्यांचा इतिहास वेगळा आहे, आणि तो भीषण आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल खपलं. त्याने शरीराची भट्टी पेटे, वजन उतरे, पण काहींना मोतीबिंदू झाला आणि काही अक्षरशः तापून मेले. मग ॲम्फेटामिन. मग ‘फेन-फेन’, हृदयाच्या झडपा बिघडतात म्हणून १९९७ मध्ये त्यातली फेनफ्लुरामिन काढून घेतली. रिमोनाबंटने मन खचत असे, ते युरोपात २००८ मध्ये थांबवलं. सिब्युट्रामिन २०१० मध्ये गेलं. या सगळ्यामागे एक समज होती: जाड माणूस स्वतःला आवरू शकत नाही, तेव्हा त्याला बाहेरून चाबूक मारा.

त्याच वेळी अमेरिकेतल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत डग्लस कोलमन उंदरांवर काम करत होता. तिथे जन्मतः लठ्ठ अशा उंदरांच्या दोन जाती होत्या. कोलमनने दोन-दोन उंदीर शस्त्रक्रियेने जोडले, असे की रक्त एकमेकांत थोडं थोडं जावं. दुसऱ्या जातीचा लठ्ठ उंदीर साध्या उंदराला जोडला, तर साध्याने खाणं सोडलं आणि तो उपाशी मेला. तोच उंदीर पहिल्या जातीच्या लठ्ठ उंदराला जोडला, तर तो खादाडही अन्न समोर असताना उपाशी मेला! कोलमनचा निष्कर्ष असा: ‘पुरे’ हा निरोप रक्तातून जातो. पहिल्या जातीकडे निरोप्याच नाही. दुसरीकडे निरोप्या भरपूर, पण ऐकायला कान नाहीत. पुष्कळांना हे पटलं नाही. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमनने ते जनुक शोधून काढलं आणि चरबीतून निघणाऱ्या त्या निरोप्याला ‘लेप्टिन’ नाव मिळालं.

पुढे केंब्रिजला पाकिस्तानी वंशाची दोन चुलत भावंडं आढळली, ज्यांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं. १९९९ च्या सुमारास त्यांतल्या नऊ वर्षांच्या, नव्वद किलोंहून जड मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं दिली. तिची भूक माणसात आली, वजन उतरू लागलं. आता सांगा, त्या मुलीला आधी ‘हावरी’ म्हटलं असतं तर ते विधान नीतिशास्त्राचं होतं की निव्वळ अडाणीपणाचं? आम्ही वर्गात इच्छास्वातंत्र्यावर पुष्कळ तास घेतले, पण त्या मुलीइतकं नेमकं उदाहरण ग्रंथांत सापडत नाही.

लेप्टिन मात्र औषध म्हणून सर्वांना उपयोगी पडलं नाही. बहुतेक जाड माणसांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं. ते दुसऱ्या जातीच्या उंदरासारखे, न ऐकू येणारे. बरं, मग वाट कुठून निघाली? परत आतड्यातून.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळात जोएल हबेनर ग्लुकागॉन या संप्रेरकाचं जनुक शोधत होता, तेही अँग्लरफिश नावाच्या माशात. १९८२-८३ मध्ये असं दिसलं, की या जनुकातून ग्लुकागॉनबरोबर त्याच्यासारखं आणखी काहीतरी बनतं. माणसाच्या जनुकात ते जीएलपी-१ ठरलं. पण त्या लांब साखळीतला नेमका कोणता तुकडा काम करतो? हे स्वेतलाना मोयसोव या बाईंनी काढलं. जन्म स्कोपयेचा, रसायनशास्त्राचं शिक्षण न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात. सातव्या अमिनो आम्लापासून सुरू होणारा तुकडा खरा, हे ओळखून त्यांनी तो स्वतः बनवला आणि तो इन्सुलिन चेतवतो हे १९८७ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवलं. कोपनहेगनला येन्स होल्स्टही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. पेटंटवर मात्र सुरुवातीला नाव एकट्या हबेनरचं. आपलं नाव घालून घ्यायला बाईंना वकील लावून वर्षानुवर्षं झगडावं लागलं. २०२४ मध्ये लास्कर पारितोषिक हबेनर, मोयसोव आणि डेन्मार्कच्या लोटे ब्येर क्नुडसेन यांना विभागून मिळालं. उशिरा का होईना, मिळालं.

आता अडचण अशी, की जीएलपी-१ रक्तात दोन मिनिटांत निम्मं होतं. एक विकर त्याला कापून टाकतं. असला निरोप्या औषध म्हणून काय कामाचा? इथे ते ब्राँक्सचं इस्पितळ परत येतं. यॅलोंच्या प्रयोगशाळेतले जॉन एंग प्राण्यांच्या विषांत संप्रेरकं शोधत होते. ॲरिझोनाच्या वाळवंटात हीला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा आहे (स्पेलिंग बघून पुष्कळ जण ‘गिला’ म्हणतात, नाव तिथल्या नदीवरून). वर्षातून मोजक्याच वेळा भरपेट खाणारा प्राणी. त्याच्या विषात एंगना १९९२ मध्ये एक्सेंडिन-४ सापडलं: निम्मं-अर्धं जीएलपी-१ सारखं, पण सहजी न कापलं जाणारं. इस्पितळाने रस न घेतल्यामुळे एंगनी पेटंट स्वतः घेतलं. त्यावरून बनलेलं एक्झेनाटाइड २००५ मध्ये मधुमेहासाठी मंजूर झालं, दिवसातून दोन टोचण्या.

डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कमध्ये क्नुडसेन यांच्या गटाने दुसरी युक्ती केली. निरोप्याला मेदाम्लाची शेपटी लावली. रक्तातला अल्ब्युमिन ती शेपटी धरून ठेवतो आणि निरोप्या हळूहळू सुटतो. लिराग्लुटाइड रोज एकदा, पुढे सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा. तोवर लंडनच्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं होतं, की जीएलपी-१ उंदरांच्या मेंदूत सोडलं तर ते कमी खातात. म्हणजे हा निरोप स्वादुपिंडाबरोबर मेंदूलाही जातो. जठर सावकाश रिकामं होतं हे खरं, पण मुख्य काम डोक्यात. मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांचं वजन का उतरतं, याचं उत्तर तिथे होतं.

आकडे दोनच सांगतो. २०२१ मध्ये छापलेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं. नुसतं पाणी टोचलेल्यांचं २.४ टक्के. जीआयपी या आणखी एका आतड्याच्या निरोप्याचीही नक्कल करणारं टिरझेपाटाइड २०२२ च्या चाचणीत वरच्या डोसला २०.९ टक्क्यांपर्यंत गेलं. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ पुष्कळांना होतं. पित्ताशयात खडे, क्वचित स्वादुपिंडाला सूज. चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि आमच्या वयाच्या माणसांना ते परवडणारं नाही.

औषध घेणारे सांगतात, की डोक्यात सतत चाललेला खाण्याचा गलका थांबला. आम्हाला हे सगळ्यात विचार करायला लावणारं वाटतं. टोचून घेतल्यावर हा माणूस काही जास्त संयमी झालेला नसतो. त्याला संयमाची गरजच कमी लागते. मग जन्मतः सडपातळ असलेले आपण ज्याला आपला संयम म्हणतो, त्यात आपली कमाई किती आणि आतड्याची कृपा किती? मात्र उलट टोकालाही जाऊ नये. गेल्या पन्नास वर्षांत माणसाची संप्रेरकं बदललेली नाहीत. बदलली ती बाजारातली खाणी, कामाची पद्धत, चालणं. आणि औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोनतृतीयांश वजन परत आलं, असं त्याच चाचणीच्या पुढच्या पाहणीत दिसलं. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीसारखं हे चालूच ठेवायचं. खर्च कुणाच्या खिशातून, हा नीतीचा खरा प्रश्न आहे, आणि तो चारचौघांत फारसा कुणी विचारत नाही.

आपल्याकडे टिरझेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यामुळे देशी कंपन्यांनी तयारी आधीच चालवलेली. स्वस्त होणं चांगलंच. पण पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला एक फोटो आठवतो. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. दोघेही दिसायला बारीक. युडकिनच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! वजनकाट्याला आपली चरबी दिसत नाही. आणि वर सांगितलेल्या दोन्ही चाचण्यांत प्रवेशच मुळी बीएमआय ३० च्या वर, किंवा सोबत आजार असेल तर २७ च्या वर. बीएमआय २४, पोट सुटलेलं, साखर काठावर असा आपल्या सोसायटीतला जो गृहस्थ उद्या औषधाच्या दुकानासमोर उभा राहील, तो त्या चाचण्यांत नव्हता. त्याला काय सांगायचं, हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही.

पुढच्या व्याख्यानात इन्सुलिन आणि टोरांटोचे ते चौघे. आता प्रश्न घेऊ या.