भूलोकमल्लाचा आखाडा व शाओलिनचा मठ

हुबळीहून धारवाडास जाताना वाटेत उणकल लागते. तेथील चंद्रमौळेश्वराचे देवालय कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. परंतु ज्या घराण्याच्या राज्यात ते उभे राहिले, त्यातील राजे 'मल्ल' हे बिरुद किती हौसेने धारण करीत, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आहवमल्ल, त्रिभुवनमल्ल, जगदेकमल्ल. आणि तिसरा सोमेश्वर तर 'भूलोकमल्ल' म्हणवून घेई. नुसत्या बिरुदावर तो राहिला नाही. इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'मानसोल्लास' या त्याच्या संस्कृत ग्रंथात 'मल्लविनोद' हे एक स्वतंत्र प्रकरणच आहे.

हे स्मरण्याचे कारण असे की, चीनमधील शाओलिन मठाची युद्धविद्या आमच्याच दक्षिणेतील बोधिधर्माने तिकडे नेली, असे अलीकडे सभा-संमेलनांतून छातीठोकपणे सांगितले जाते. ऐकताना आम्हांसही बरे वाटते. पण देवाच्या दारी बसून बोलावयाचे तर खरे तेच बोलावे.

हा मठ हनान प्रांतातील सुंग पर्वतावर इ. स. ४९५ च्या सुमारास एका भारतीय भिक्षूसाठीच स्थापन झाला; मात्र तो भिक्षू बोधिधर्म नव्हे. ६२१ मध्ये तेथील तेरा भिक्षूंनी तांग राजपुत्रास युद्धात साह्य केले, याची साक्ष ७२८ चा शिलालेख देतो. त्यात बोधिधर्माने शिकविलेल्या व्यायामाचा मागमूस नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत या भिक्षूंची कीर्ती झाली तीही प्रथम काठीच्या विद्येसाठी, मुष्टियुद्धासाठी नव्हे. बोधिधर्माशी संबंध जोडणारे 'यी-चिन-चिंग' हे पुस्तक १६२४ मधले, आणि त्यास जोडलेली जुनी प्रस्तावना बनावट. हे उघडकीस आणले ते थांग हाओ या चिनी संशोधकानेच. आपल्या मठाची दंतकथा स्वतः तपासून पाहणाऱ्या त्या गृहस्थाचे आम्हांस कौतुक वाटते.

दोन्ही विद्यांत साम्य नाही असे नाही. घोड्यावर मांड ठोकल्याप्रमाणे गुडघे वाकवून तासन् तास उभे राहणे हा चिनी शिष्याचा पहिला पाठ; आमच्याकडेही पवित्रा पक्का झाल्याखेरीज वस्ताद डाव शिकवीत नाही. बळ मनगटात नसून पायांत व कमरेत आहे, श्वास सुटला की जोर सुटला, ही गोष्ट दोघांनाही ठाऊक. पण तिकडे भर ठोशा-लाथांवर, इकडे प्रतिमल्लास चीत करण्यावर. शरीर सर्वत्र सारखेच असल्याने अनुभवही सारखेच येतात. त्यासाठी कोणी कोणाचा गुरू असावा लागत नाही.

मग आमचे म्हणावे असे काय? ते मल्लविनोदात आहे. सोमेश्वर मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल असे वर्ग पाडतो. त्यांच्या आहाराचा विचार करतो. श्रमांत तो भार उचलणे, चालणे, पाण्यात पोहणे, बाहूंची झटापट यांसह 'स्तंभश्रम' सांगतो. खांबावरील हा व्यायाम वाचताना कोणाही मराठी वाचकास मल्लखांब आठवल्यावाचून राहणार नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांबास नवे जीवन दिले; त्यापूर्वी कित्येक शतके खांब या प्रदेशाच्या ग्रंथात उभा होता.

त्या ज्येष्ठी मल्लांचे नाव 'जेट्टी' या रूपाने म्हैसुरात टिकले आहे. दसऱ्यात राजवाड्यात दोन जेट्टी वज्रमुष्टी चढवून उतरतात, आणि पहिले रक्त दिसताच पंच त्यांना थांबवितो.

आमच्या भागात आखाड्यास गरडी म्हणतात. तेल-ताक घालून कमावलेली तांबडी माती, कोनाड्यात शेंदूर चर्चिलेला मारुती, आणि उतरण्यापूर्वी कपाळी लावलेली चिमूटभर माती, हे ज्यांनी बालपणी पाहिले त्यांस वर्णन नको. गल्लीतली गरडी अजून चालू असेल, तर येत्या शनिवारी देवदर्शनास जाताना नातवाला तेथे घेऊन जावे. माती कशी खणतात ते तरी त्याला दिसेल.